भावाचा रिपोर्ट 'मेट/मेट' आलाय. आता आईचीही जनुक-तपासणी करावी का?

मुक्ता_कऱ्हाड
नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज मात्र विचारल्याशिवाय राहवत नाही.

आई ७४ वर्षांची. कऱ्हाडला एकटी राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलंय तिने. गेल्या दिवाळीपासून तिच्यात फरक जाणवतोय. एकच गोष्ट दोनदा सांगते. फोनवर 'हं, हं' करत राहते आणि नंतर कळतं की मी काय बोलले ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. आईने विचारलं, "इंग्रजी की मराठी?" ते म्हणाले, येतील ते म्हणा. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन इथपर्यंत सरळ आली आणि थांबली. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहिला. मी शेजारच्या खुर्चीत बसून मनातल्या मनात 'भाद्रपद, भाद्रपद' म्हणत होते. मग ती "गणपतीचा, भाद्रपद" म्हणाली आणि पुढे चैत्रापर्यंत गेली. हेच महिने तिने वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलेत. घरी येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

त्यात आता हे. धाकटा भाऊ अमेरिकेत आहे. त्याच्या आग्रहाने आम्ही दोघांनी लाळेची जनुक-तपासणी केली होती. रिपोर्टमध्ये बीडीएनएफ नावाच्या जनुकापुढे त्याचं 'मेट/मेट' आलंय आणि माझं 'व्हॅल/मेट'. खाली लाल अक्षरांत लिहिलंय की वय वाढेल तशी स्मरणशक्ती लवकर कमी होण्याचा संभव. भाऊ ४४ वर्षांचा आहे, त्याची झोप उडालीय. तो म्हणतो, आईचीही तपासणी करू म्हणजे निदान कारण तरी कळेल. करावी का? हे मेट प्रकरण नेमकं आहे तरी काय? कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

रानजाई
मुक्ता, रिक्षाचं वाचून पोटात तुटलं. माझ्या आजीच्या वेळी असं विचारायला कुणी नव्हतं. वाचतेय.

पेशीवेल्हाळ
मुक्ताताई, बीडीएनएफ जनुकावरून त्याच नावाचं प्रथिन बनतं, मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत त्यावरच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेतापेशींना जगवणारी, त्यांना फांद्या फुटायला मदत करणारी काही प्रथिनं असतात. या कुळातलं पहिलं, एनजीएफ, सापडलं ते रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यामुळे. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी विद्यापीठाचं दार बंद केलं तेव्हा या बाईंनी तुरिनमध्ये आपल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग चालू ठेवले होते. पुढे अमेरिकेत तो शोध पुरा झाला, १९८६ साली स्टॅन्ली कोहेन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. १०३ वर्षांचं आयुष्य लाभलं त्यांना. बीडीएनएफ हे त्याच कुळातलं धाकटं भावंड. १९८२ साली म्युनिकजवळ बार्ड, एडगर आणि थ्योनेन यांनी ते डुकराच्या मेंदूतून वेगळं केलं. दीड किलो मेंदूतून हाती आलं जेमतेम एक मायक्रोग्रॅम! मेंदूच्या ज्या भागात आठवणी पक्क्या होतात त्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे प्रथिन फार महत्त्वाचं. शिकताना दोन पेशींमधले जे सांधे घट्ट होतात, ते घट्ट करायला हेच लागतं.

त्याचं जनुक ११व्या गुणसूत्रावर. त्यातलं एकच अक्षर काही लोकांत बदललेलं असतं. त्यामुळे प्रथिनाच्या माळेतल्या ६६व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन हे दुसरं येतं. व्हॅल आणि मेट ही त्यांचीच छोटी नावं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडलांकडून. म्हणून तुमचं व्हॅल/मेट आणि भावाचं मेट/मेट.

आता रिपोर्टवाले जे सांगत नाहीत ते. हे प्रथिन आधी लांबलचक तयार होतं आणि मग त्याचा पुढचा तुकडा कापून टाकला जातो. ६६वी जागा त्या कापल्या जाणाऱ्या तुकड्यात आहे. म्हणजे तयार बीडीएनएफ तुमच्या भावाचं आणि माझं अगदी एकसारखं. त्यात काडीचाही फरक नाही. फरक पडतो तो वाटपात. त्या तुकड्यावर जणू पत्ता लिहिलेला असतो, हा माल कुठल्या पिशवीत भरायचा याचा. मेट असेल तर पत्ता जरा पुसट होतो. दुधाचं उदाहरण घ्या. रोजचा रतीब ठरल्याप्रमाणे येतोच, पण पाहुणे आल्यावर जास्तीचं दूध मागितलं की गवळी पुरतं देऊ शकत नाही. पेशीला जोराची चालना मिळाली की जे जादा बीडीएनएफ बाहेर पडायला हवं, ते मेटमध्ये कमी पडतं. २००६ साली उंदरांमध्ये मुद्दाम मेट/मेट घडवून पाहिलं, तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या पेशींतून असं मागणीनुसार सुटणारं बीडीएनएफ साधारण ३० टक्क्यांनी कमी भरलं. रतीब तेवढाच होता. त्याआधी २००३ साली अमेरिकेतल्या ईगन, वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी माणसांत पाहिलं होतं, घडलेले प्रसंग आठवण्याच्या चाचणीत मेटवाले थोडे मागे पडले. तिथून हे जनुक गाजलं.

मुक्ता_कऱ्हाड
किती सोपं करून सांगितलंत. पण ३० टक्के वाचून धस्स झालं. भावाची स्मरणशक्ती ३० टक्क्यांनी कमी असं तर नाही ना?

पेशीवेल्हाळ
नाही, नाही. तो आकडा बशीत वाढवलेल्या उंदराच्या पेशींचा. माणसाच्या आठवणीपर्यंत पोचेतो मध्ये शेकडो गोष्टी येतात, त्यातल्या कितीतरी एकमेकींची उणीव भरून काढतात. भावाला हे आजच्या आज कळवा.

कृष्णाकाठ
मुक्ताताई, एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. भावाच्या दोन्ही प्रती मेट आहेत. एक आईकडून आलीय आणि एक वडलांकडून. म्हणजे तपासणी न करताही आईकडे निदान एक मेट आहे हे नक्की. आणि वडलांकडेही निदान एक आहेच. भावाने स्वतःची लाळ दिली, पण घरातल्या चौघांबद्दल थोडंथोडं उघड झालं. असल्या तपासण्यांना बसण्याआधी हे कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

मुक्ता_कऱ्हाड
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांकडेही?

आमचे बाबा तलाठी होते. तीन वर्षांपूर्वी ८७व्या वर्षी गेले. जायच्या आदल्या आठवड्यात एकजण वारसनोंदीचं विचारायला आला होता. बाबांनी खाटेवरून त्याच्या पणजोबांचं नाव सांगितलं, गट नंबर सांगितला, बांधावरच्या सामाईक विहिरीत चार आण्यांचा हिस्सा आहे तेही सांगितलं. त्या माणसाने सातबारा काढून बघितला तर सगळं बरोबर. त्यांच्याकडेही हेच मेट होतं? मग आईचं खापर त्याच्यावर कसं फोडायचं?

अंकलिपी
ताई, एका माणसावरून नियम काढता येत नाही, ना बाबांच्या बाजूने ना आईच्या. पण तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

हे मेट दुर्मीळ नाही. युरोपात आणि आपल्या दक्षिण आशियात साधारण पाचातली एक प्रत मेट असते. त्याचं गणित मांडलं तर शंभरातल्या ३६ जणांकडे निदान एक मेट आणि चौघांकडे दोन्ही. चीन-जपानकडे तर जवळजवळ निम्म्या प्रती मेट. सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकेत ते नसल्यातच जमा. आता जपानमधली माणसं किती दीर्घायुषी आणि म्हातारपणीही किती कामाची असतात ते आपण ऐकतोच. एवढं एक अक्षर जर म्हातारपण नासवणारं असतं तर तिथे ते लपलं नसतं.

दुसरं म्हणजे सुरुवातीचे अभ्यास फार थोड्या माणसांवर झाले. मेटवाल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान असतो असं आधी ठामपणे छापून आलं. पुढे माणसं वाढत गेली तसा तो फरक आक्रसत गेला. हजारो लोकांची सगळी जनुकं एकदम चाळून अल्झायमरशी संबंध असलेल्या जागा शोधल्या गेल्या, त्या यादीत ठळकपणे येतो तो १९व्या गुणसूत्रावरचा एपीओई-४ हा जनुक-प्रकार. बीडीएनएफचं हे अक्षर त्या यादीत नाही. लाल शाईत छापायच्या आधी एवढं तरी ग्राहकाला सांगायला हवं होतं.

पेशीवेल्हाळ
अंकलिपींशी सहमत. पण म्हणून हे जनुक बिनमहत्त्वाचं असंही म्हणवत नाही, आणि वय वाढण्याशी त्याचं नातं कुठे आहे ते मला सांगायचंय, कारण मला सगळ्यात जास्त ओढ त्याचीच वाटते.

मुक्ताताईंनी विहिरीचं लिहिलं म्हणून तोच दाखला देतो. पावसाळ्यात विहीर भरलेली असते तेव्हा तळाला खडक कसा आहे, कपार कुठे आहे, काही दिसत नाही. चैत्र-वैशाखात पाणी आटलं की एकेक दगड उघडा पडतो. तरुण मेंदूत साठा भरपूर असतो, एखाद्या अक्षराने पडणारा फरक त्यात बुडून जातो. वय वाढतं, हिप्पोकॅम्पस वर्षाला एक-दोन टक्क्यांनी आकसू लागतो, मग जनुकांमधले बारके फरकही वर येतात. बर्लिनच्या लिंडेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी हीच कल्पना मांडली. २०१० साली त्यांच्या गटाने शब्दांची यादी उलट क्रमाने आठवायला लावली. तरुणांत व्हॅल आणि मेट सारखेच. वयस्करांत मात्र मेटवाले मागे राहिले. आईंना उलटे महिने म्हणायला लावले ते वाचलं तेव्हा मला हाच अभ्यास आठवला.

आणि लगेच उलट बाजूही सांगतो. स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या मुलांची ११व्या वर्षी, म्हणजे १९३२ साली, शाळेतच बुद्धीची चाचणी झाली होती. त्यातल्याच काहींना शोधून ७९व्या वर्षी पुन्हा तीच चाचणी दिली. तिथे दोन्ही प्रती मेट असलेलेच जास्त गुण मिळवून गेले! तर्काच्या कामात मेटने उलट हात दिला. म्हणून मेटला 'खराब' अक्षर म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. एका कामात तोटा, दुसऱ्यात कदाचित फायदा. हजारो वर्षं ते टिकून राहिलंय ते उगाच नसावं.

सावली२
मी थोडं वेगळं म्हणेन. माझ्या वडलांना ६१व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं. तेव्हापासून हाती पडेल ते वाचते. ऑस्ट्रेलियात निरोगी म्हाताऱ्या माणसांचे मेंदू अमायलॉइडसाठी, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या प्रथिनासाठी तपासले आणि तीन वर्षं पाठपुरावा केला. ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड साठलेलं होतं आणि जोडीला मेट होतं, त्यांची आठवण जास्त वेगाने घसरली. अमायलॉइड नसलेल्या मेटवाल्यांना तसं काही झालं नाही. म्हणजे मेट आजार आणत नसेल, पण आजार आला तर झुंजायची ताकद कमी करत असेल. हे आपल्याला माहीत असू नये का? मला तरी अंधारात राहण्यापेक्षा कळलेलं बरं वाटतं.

पेशीवेल्हाळ
सावलीताई, तुमचं वाचन पक्कं आहे. पिढीजात, लवकर येणाऱ्या अल्झायमरच्या घराण्यांमध्येही असंच दिसलंय. उलट दिशेनेही पुरावा आहे. शिकागोच्या रश विद्यापीठाने मृत्यूनंतर ५३५ जणांचे मेंदू तपासले. ज्यांच्या मेंदूत बीडीएनएफचं जनुक जास्त चालू होतं, त्यांची बुद्धी शेवटच्या वर्षांत सावकाश उतरली होती, आणि आजाराच्या खुणा ज्यांच्या मेंदूत जास्त होत्या त्यांच्यात तर हे अधिकच ठळक होतं. झुंजायची ताकद हा तुमचा शब्द मला पटला.

माझा आक्षेप एवढाच की आईंचं मेट कळून आज उपचारात एक गोळीही बदलत नाही. बीडीएनएफ टोचून देता येत नाही, ते रक्तातून मेंदूत धड शिरतच नाही. सॅन डिएगोमध्ये तुझिन्स्की यांच्या गटाने निरुपद्रवी विषाणूवर स्वार करून हे जनुक थेट मेंदूत सोडायचा पहिला प्रयोग २०२१ साली जाहीर केला. अगदी मोजक्या रुग्णांवर, सुरक्षित आहे का एवढंच बघायला. मी त्याकडे आशेने डोळे लावून आहे, पण तो आईंसाठी आजचा उपाय नाही.

निरंजन_ठाणे
इथल्या एका लॅबने मला 'रक्तातलं बीडीएनएफ' तपासायचं पॅकेज दिलं होतं, वर ते वाढवणाऱ्या गोळ्याही. घ्याव्यात का?

पेशीवेल्हाळ
पैसे वाचवा. रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ बिंबाणूंमध्ये, म्हणजे प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं. नळीत रक्त गोठताना ते फुटून बाहेर येतं. रक्त किती वेळ ठेवलं यावरही आकडा हलतो. त्यावरून तुमच्या एकट्याच्या मेंदूत काय चाललंय ते सांगता येत नाही.

आजोळ
मी वृद्धांवर उपचार करते. मुक्ता, तुझ्या पहिल्या पोस्टमधली एक ओळ सगळ्यांच्या नजरेतून निसटली: 'आई फोनवर नुसती हं, हं करते आणि विषय तिच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.' तिला ऐकू येतं का नीट? टीव्हीचा आवाज वाढलाय का? जे कानात शिरलंच नाही ते आठवणार कुठून, आणि घरच्यांना वाटतं विसरली. त्यात बाबा गेल्यापासून ती एकटी आहे. दिवसभर बोलायला कुणी नसलं की डोकं मंदावतं, मन उदास झालं तरी अगदी असंच दिसतं.

जनुकाच्या आधी या गोष्टी करून घे: कानांची तपासणी, बी-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब, आणि झोपेची किंवा सर्दीची कुठली गोळी रोज पोटात जातेय का ते. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी असणं मी आठवड्यातून कितीदा तरी बघते, आणि ते भरून काढता येतं. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाची बदलता येण्यासारखी १४ कारणं मांडली. सगळी जमली तर ४५ टक्क्यांच्या आसपास डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा हिशोब आहे. कमी ऐकू येणं त्यात वरच्या क्रमांकावर आहे, एकटेपणही आहे. आपल्या देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. तू म्हणतेस ती सगळी लक्षणं त्यात मोडतीलच असं नाही. भाद्रपद तिला आठवला, हेही विसरू नकोस. गणपतीचा धागा पकडून स्वतः शोधून काढला तिने.

स्नेहा_फिजिओ
भावासाठी लिहिते, कारण 'व्यायामाचा फायदा मेटवाल्यांना कमी' असलं काही वाचून माझ्याकडेही एकजण चालणं सोडून आले होते. त्या बाबतीत अभ्यास दोन्हीकडे झुकलेत, तेव्हा त्यावर विसंबू नका.

२०११ सालचा एरिकसन यांचा अभ्यास मी पेशंटना नेहमी सांगते. १२० वयस्कर माणसं, कुणीही खेळाडू नव्हतं. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालायला लावलं, बाकीच्यांना ताणाचे हलके व्यायाम. वर्षाने बघितलं तर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला, दुसऱ्या गटाचा १.४ टक्क्यांनी घटलेला. ज्यांच्यात वाढ जास्त, त्यांच्या रक्तातलं बीडीएनएफही जास्त वाढलेलं. (निरंजन, एकेकट्याचा आकडा निरुपयोगी असला तरी गटात कल दिसू शकतो.) सगळ्या अभ्यासांत इतका स्वच्छ निकाल येत नाही, पण चालायला सांगताना मला कधी कचरल्यासारखं होत नाही.

काकूंचे गुडघे कसे आहेत? दुखत असतील तर आधी मांडीचे स्नायू बळकट करायला हवेत. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून तिच्यातून उठबस, दहा-दहा वेळा, आधाराला माणूस जवळ ठेवून.

मुक्ता_कऱ्हाड
पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. आईची जनुक-तपासणी केली नाही. भावाला कृष्णाकाठ यांचं आणि बाबांचं वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे एक मेट बाबांचं आहे माझ्याकडे." त्यानंतर तो रिपोर्टबद्दल बोलला नाही. सकाळी पळायला जातो म्हणे.

आजोळताई, तुमचे पाय धरावेसे वाटतात. बी-१२ फारच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. आणि दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. टीव्हीचा आवाज वाढलेला होता, मी तो 'वयाचा भाग' म्हणून सोडून दिला होता, ते मनाला लागलंय. यंत्र बसवलं त्या दिवशी घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "हा फ्रीज इतका आवाज करतो?" मग खिडकीशी जाऊन कितीतरी वेळ उभी होती. परसातल्या जांभळावर साळुंक्या असतात, त्या तिला दोन वर्षं ऐकू येत नव्हत्या, हे तिने आत्ता सांगितलं.

अजूनही एखादी गोष्ट दोनदा सांगते. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय, तेव्हा कळेल. स्नेहा, डावा गुडघा दुखतो, जिना उतरताना जास्त. उठबस सुरू केलीय, पण दहाला दमते. सहावर थांबवू का?

स्नेहा_फिजिओ
हो, सहाच करा. दिवसातून दोनदा. पुढच्या आठवड्यात सात. जिना उतरताना दुखरा पाय आधी खाली आणि हात कठड्यावर.

आजोळ
बी-१२चं वाचून बरं वाटलं. इंजेक्शनं मधेच सोडू नका, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मला इथेच कळव. यंत्र पहिल्या महिन्यात त्रासदायक वाटतं, पुष्कळ लोक काढून डबीत ठेवून देतात. रोज संध्याकाळी फोन करून तासभर बोल तिच्याशी, यंत्र लावूनच.